बुडालेल्यांचं पुढे काय होतं

२०२३ सालच्या सुरुवातीला मुंबईत व्हॅन गॉगच्या चित्रांचं एक प्रदर्शन भरलं होतं. प्रदर्शन म्हणायचं, पण त्याच्या हातचं एकही चित्र तिथे नव्हतं. अंधाऱ्या दालनात शिरायचं आणि उभं राहायचं. मग चारी भिंतींवरून, पायांखालच्या फरशीवरून प्रोजेक्टरच्या झोतात सूर्यफुलं, गव्हाची शेतं आणि गरगरणारे तारे वाहू लागायचे. जाहिरातीत या प्रकाराला 'इमर्सिव्ह' म्हटलं होतं. म्हणजे चित्र बघायचं नाही, चित्रात बुडायचं. अर्थात तिकीट काढून. ज्याची चित्रं, तो बिचारा धाकट्या भावाच्या पैशांवर जगला आणि चित्रं जवळजवळ विकली न जाताच गेला. त्याच्यात बुडण्यासाठी सव्वाशेहून जास्त वर्षांनंतर रांग लागली.

तेव्हापासून हा शब्द सगळीकडे दिसतो. रिसॉर्टच्या पत्रकात दिसतो, बालवाडीच्या माहितीपुस्तिकेत दिसतो, व्यवस्थापनशास्त्राच्या महाविद्यालयात तर त्याचे गुणच असतात. तिथली मुलं आठवडाभर खेड्यात जाऊन राहतात, चुलीवरची भाकरी खातात, हातपंपाचे फोटो काढतात आणि परत येऊन सादरीकरण करतात. याचं नाव 'रूरल इमर्शन'. उलट दिशेचा प्रवासही आहे. खेड्यातला मुलगा पुण्याच्या पेठेत कॉट बेसिसवर चार-पाच वर्षं राहतो, मेसचा डबा खातो, अभ्यासिकेत खुर्ची धरून बसतो. त्याला कुणी अर्बन इमर्शन म्हणत नाही. त्याला एमपीएससी म्हणतात.

बुडण्यासाठी पैसे मोजायची कल्पना मराठी माणसाला जरा जड जाते, कारण त्याच्याकडे पैसे आणि बुडणं यांचा क्रम वेगळा आहे. इथे माणूस काठावर कोरडा असतो आणि पैसे बुडतात. भिशी बुडते, भागीदारी बुडते, पतपेढी बुडते, मेव्हण्याला दिलेले उसने बुडतात. भाडं बुडवणारा असतो, कर्जबुडव्या असतो आणि सगळ्यात वरच्या पायरीवर कुळबुडव्या. हिशेबाच्या वहीत तर 'बुडीत' हे एक स्वतंत्र खातंच असतं. बँकांनी अलीकडे त्याला 'अनुत्पादक मालमत्ता' असं भारदस्त नाव दिलं. पण ठेवीदाराला विचारलं तर तो जुनाच शब्द सांगेल, आणि त्यापुढे दोन-चार जास्तीचेही.

बुडत्याला काडीचा आधार, असं आपल्याकडे म्हणतात. ही काडी नेमकी केवढी, हे सरकारनं ठरवून दिलं आहे. १९९३ पासून ती एक लाख रुपयांची होती. २०१९ मध्ये मुंबईतल्या एका मोठ्या सहकारी बँकेचे व्यवहार गोठले, ठेवीदार बंद शटरपुढे उभे राहिले आणि त्यानंतर ४ फेब्रुवारी २०२० पासून ठेव विम्याची मर्यादा पाच लाख झाली. एका माणसाला एका बँकेत पाच लाखांची काडी. त्यापेक्षा जास्त रक्कम बुडाली असेल तर मात्र पोहता आलेलं बरं.

या 'बुडीत'चा सगळ्यात चमत्कारिक वापर सरकारी कागदावर सापडतो. आदिवासी भागात कुपोषित मूल दवाखान्यात दाखल झालं, की आईला त्याच्याजवळ थांबावं लागतं. तेवढे दिवस तिचं काम जातं. त्या दिवसांची जी भरपाई देतात, तिचं अधिकृत नाव 'बुडीत मजुरी'. बुडालेली वस्तू सरकार स्वतःहून काढून देतं, असं हे दुर्मीळ उदाहरण. अर्थात शासननिर्णयात.

शाळेचं प्रकरण आणखी वेगळं. मूल शाळा बुडवतं तेव्हा वास्तविक शाळेला काही होत नाही. ती कोरडीठाक उभी असते, हजेरी घेतली जाते, पाढे म्हटले जातात. बुडवणारा पोरगा नदीत डुंबत असतो. म्हणजे पाण्यात तो आणि बुडाली म्हणायचं शाळेला. व्याकरण शिकवण्याच्या तासाला तो गैरहजर असल्यामुळे हा गोंधळ त्याला कुणी समजावूनही सांगत नाही.

हे सगळं पाहिलं की लक्षात येतं, आपल्याकडे पाण्यात जाण्याला एका शब्दानं भागत नाही. मराठी माणूस आधी एक चौकशी करतो: वर कधी येणार? लगेच येणार असेल तर ती डुबकी. थोड्या वेळानं आणि भलतीकडूनच येणार असेल तर बुडी. म्हणून वर्गणी मागायला मंडळाची पोरं जिना चढू लागली की घरमालक बुडी मारतो, डुबकी नाही. मध्येच वर, मध्येच खाली चाललं असेल तर त्या गटांगळ्या. डोक्याकडून पाण्यात शिरला तर सूर, गुडघे पोटाशी घेऊन धप्पकन पडला आणि विहिरीच्या काठावरच्या आजोबांना भिजवून गेला तर मुटका. वर यायचाच नसेल तर जलसमाधी. पुस्तकात किंवा गाण्यात 'मग्न' झालेल्या माणसाचं मूळही पाण्यातच आहे. संस्कृतात मग्न म्हणजे बुडालेला. चहा थंड झाला तरी तो वर येत नाही, त्यावरून हे ओळखता येतं.

काही गोष्टी बुडतात आणि स्वतःच्या वेळापत्रकानं वर येतात. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि भीमाकाठची कितीतरी गावं 'बुडीत क्षेत्र' या दोन शब्दांत गेली. इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचं जुनं दगडी मंदिर त्यातलंच. पाणी भरपूर असेल त्या वर्षी ते पाण्याखाली असतं. दुष्काळ पडला की आधी शिखर दिसतं, मग सभामंडप. पुण्या-सोलापूरकडची मंडळी होडीतून किंवा चिखल तुडवत ते पाहायला जातात. धरणात पाणी किती उरलं, हे सांगायला पाटबंधारे खात्याची पट्टी आहेच. पण मंदिराच्या किती पायऱ्या दिसतात, यावर गावकऱ्यांचा भरवसा जास्त.

आणि एक वस्तू अशी, की ती वर आली म्हणूनच आज महाराष्ट्राच्या घराघरात आहे. तुकोबांची गाथा इंद्रायणीत बुडवायला लावली आणि तेरा दिवसांनी ती कोरडी वर आली, अशी वारकऱ्यांची श्रद्धा. देहूच्या घाटावर आजही ही कथा ऐकताना कुणी पाण्याच्या खोलीची किंवा कागदाच्या प्रतीची चौकशी करत नाही. गाथा वर आली, हे ऐकणाऱ्याला घरच्या कपाटावरून ठाऊक असतं.

विसर्जन हा शब्द या सगळ्यांत मानाचा. त्याचा मूळ अर्थ सोडणं, निरोप देणं. पाण्याशी त्याचा जन्माचा संबंध नाही. म्हणून सभा विसर्जित होते, समिती विसर्जित होते आणि १९८० मध्ये महाराष्ट्राची विधानसभाही विसर्जित झाली होती. त्या विसर्जनात ढोल-ताशा नसतो आणि 'पुढच्या वर्षी लवकर या' असं म्हणावंही लागत नाही. विसर्जित आमदार न सांगता लवकर येतात.

बाप्पाला मात्र ते सांगावं लागतं, आणि तिथे पंचांग आडवं येतं. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून गणपती दर वर्षी अकरा-एक दिवस आधी येतात. भक्तांचं ऐकलं म्हणायचं. पण दोन-तीन वर्षांत एक अधिक महिना येतो आणि सगळी कमाई वसूल करून घेतो. २०२३ मध्ये गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये थेट २७ ऑगस्टला. लवकर या, लवकर या म्हणून आरोळ्या ठोकल्या, त्याला फळ आलं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आणि चतुर्थी १४ सप्टेंबरला. म्हणजे २०२५ च्या अनंत चतुर्दशीला जे बेंबीच्या देठापासून ओरडले, त्यांची विनंती पंचांगकर्त्यांनी आधीच फेटाळून ठेवली होती.

लवकर येण्याचा आग्रह धरणारी हीच मंडळी निरोप देताना मात्र अजिबात घाई करत नाहीत. पुण्याची मिरवणूक मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून सकाळी निघते. मानाचे पाच गणपती, म्हणजे कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा, लक्ष्मी रस्त्यानं अलका टॉकीजच्या चौकाकडे सरकू लागतात. हे अंतर एरवी पायी अर्ध्या तासाचं. मिरवणूक संपता संपता दुसरा दिवस उजाडून दुपार होते. दर वर्षी पोलीस आयुक्त वेळेत संपवण्याचं आवाहन करतात, मंडळं सहकार्याचं आश्वासन देतात, आणि मग पुढच्या दिवशी वर्तमानपत्रात गेल्या वर्षीपेक्षा किती मिनिटं जास्त वा कमी लागली याचा तक्ता छापून येतो. दगडूशेठ गणपती पूर्वी रात्री उशिरा निघायचा. २०२३ मध्ये तो दुपारीच निघाला आणि त्याच संध्याकाळी विसर्जन उरकलं. पुणेकरांना हे पचायला थोडा वेळ लागला. वेळेवर होणारी गोष्ट संशयास्पद असते.

एवढ्या सगळ्या थाटात, बाहेरगावच्या माणसाला चकवणारी एक गोष्ट असते. पुण्यातल्या कितीतरी मंडळांची मोठी मूर्ती पाण्यात जातच नाही. ती वर्षानुवर्षं तीच असते, रंग उजळून पुन्हा मखरात बसते. पाण्यात जाते ती शेजारची लहान उत्सवमूर्ती. मोठ्या मूर्तीला मिरवणूक आणि लहानीला पाणी, अशी कामाची वाटणी.

मुंबईत अशी सवलत नाही. तिथे मोठी मूर्ती असते आणि मोठा समुद्र असतो, आणि दोघांची वेळ जुळवावी लागते. ६ सप्टेंबर २०२५ ला अनंत चतुर्दशी होती. लालबागचा राजा रात्रभर मिरवून ७ तारखेच्या सकाळी गिरगाव चौपाटीवर पोहोचला. विसर्जनासाठी नवाकोरा यांत्रिक तराफा आणलेला होता. फक्त समुद्र भरतीला आला होता. मूर्ती तराफ्यावर चढेना, तराफा पाण्यावर बसेना. भरती गेली, ओहोटी आली, पुन्हा भरतीची वाट पाहिली, कोळी बांधवांनी आणि कार्यकर्त्यांनी छातीभर पाण्यात उभं राहून दिवस काढला आणि रात्री नऊच्या सुमारास विसर्जन झालं. त्याच रात्री खग्रास चंद्रग्रहण होतं. ते मात्र वेळेवर लागलं.

खरी पंचाईत मूर्ती पाण्यात गेल्यानंतर सुरू होते. शाडूची मूर्ती मातीची. पाण्यात मऊ होते, विरघळते, तळाला बसते. हा व्यवहार सरळ आहे. प्लास्टर ऑफ पॅरिसचा नाही. या पांढऱ्या भुकटीत पाणी घातलं की ती दगडासारखी घट्ट होते. जी वस्तू पाण्यानंच घडली, ती पाण्यात टाकून विरघळेल अशी अपेक्षा महाराष्ट्रानं काही दशकं बाळगली. त्यात या मूर्ती हलक्या आणि आतून पोकळ. आर्किमिडीजचा नियम सगळ्यांनी आठवीत-नववीत पाठ केलेला असतो: वस्तू जेवढं पाणी बाजूला सारते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतका आधार तिला वरच्या दिशेनं मिळतो. परीक्षेत तो दोन गुणांना येतो आणि अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर प्रात्यक्षिकाला. (न्हाणीतून 'युरेका' म्हणत पळण्याची जी गोष्ट आहे, ती आर्किमिडीजनं स्वतः कुठे लिहिलेली नाही. ती व्हिट्रुव्हियस नावाच्या रोमन वास्तुशास्त्रज्ञानं जवळपास दोनशे वर्षांनी सांगितली. टॉवेलचा उल्लेख त्यानंही केलेला नाही.)

मग उपाय निघू लागले. नव्वदच्या दशकात अंधश्रद्धा निर्मूलन समितीनं 'विसर्जित गणपती दान करा' अशी मोहीम काढली. त्या वेळी घाटावर वाद झाले. पुढे पालिकांनीच संकलन केंद्रं उघडली आणि वाद करणाऱ्यांना तिथे स्वयंसेवक नेमलं. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं पीओपीवर बंदी घालणारे नवे नियम काढले. त्यावर मूर्तिकार न्यायालयात गेले, आणि २०२५ च्या जुलैत उच्च न्यायालयात असं ठरलं की सहा फुटांपर्यंतच्या पीओपी मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायच्या. त्यामुळे नवं भाविक मोजमाप जन्माला आलं. कारखान्यात जाऊन 'सहा फूट एक इंच मिळेल का' असं विचारणारे अध्यक्ष निघाले असतील तर नवल नाही.

सगळ्यात देखणा उपाय मात्र पुण्यात सापडला, आणि तोही बादलीत. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी सांगितलं, की मूर्तीच्या वजनाच्या प्रमाणात अमोनियम बायकार्बोनेट पाण्यात घालायचं आणि मूर्ती त्यात ठेवायची. दोन-तीन दिवसांत तिचा भुगा होतो. खाली कॅल्शियम कार्बोनेट बसतं, म्हणजे खडूची भुकटी. वर उरतं अमोनियम सल्फेटचं पाणी, म्हणजे खत. पालिकेनं ही पावडर फुकट वाटायला सुरुवात केली. बेकरीवाले बिस्किटं खुसखुशीत करायला वापरतात तेच हे रसायन. शंका मात्र पुणेरीच निघाल्या. बादली गच्चीत ठेवायची की न्हाणीत? तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांनी वासाची तक्रार कुणाकडे करायची? आणि मूर्ती पुरती विरघळेपर्यंत घरात गणपती आहेत असं धरायचं की गेले असं? कारण गणपती असतील तर जोशीकाकूंकडचं मटण पुढे ढकलावं लागतं.

शेवटचा प्रश्न वरवर पाहता फाजील वाटतो, पण शास्त्रात त्याचं उत्तर आहे. उत्तरपूजा झाली आणि मूर्ती जागेवरून किंचित हलवली की देवत्व निघालं. पाण्यात जाते ती माती. घरी परतताना रिकाम्या पाटावर नदीकाठची चिमूटभर वाळू किंवा माती आणतात. पाट मोकळा आणायचा नाही, एवढाच त्यामागचा संकेत. बुडवायला गेलेला माणूस काहीतरी घेऊनच येतो.

देवाला पाण्यात घालण्याचा दुसरा एक मराठी प्रकार आहे आणि त्यात निरोपाचा लवलेश नाही. तो शुद्ध दबाव आहे. काम होत नसेल तर देव्हाऱ्यातले देव पाण्यात ठेवायचे आणि सांगायचं, काम झालं की बाहेर. पाऊस लांबला की गावकरी महादेवाचा गाभारा पाण्यानं भरून पिंड बुडवतात. स्वतःच्या नाकातोंडात पाणी गेल्याशिवाय देवाला पावसाची आठवण होणार नाही, असा साधा हिशेब. शहरात ही प्रथा वाक्प्रचारात उरली आहे, पण जोरात. विश्वचषकाचा अंतिम सामना, उमेदवारीची यादी, दहावीचा निकाल, मुलीकडच्यांचा होकार: प्रत्येकासाठी कुणीतरी देव पाण्यात घालून बसलेलं असतं. निवडणुकीत तर एकाच मतदारसंघात दोन्ही पक्षांनी एकाच कुलदैवताला पाण्यात घातलेलं असतं. त्या वेळी देव कुणाच्या बाजूनं वर येतो, हे मतमोजणीच्या अठराव्या फेरीपर्यंत कळत नाही. माणसं एकमेकांना पाण्यात पाहतात ते तर बाराही महिने, मोसम नसतानाही.

गोव्यात देवाऐवजी माणसं पाण्यात जातात. २४ जूनला सांजांव, म्हणजे सेंट जॉन द बाप्टिस्टचा सण. जॉन हा जॉर्डन नदीत लोकांना बुडवून बाप्तिस्मा देणारा. शिवाय आईच्या पोटात असताना त्यानं आनंदानं उडी मारली अशी बायबलात कथा. गोंयकारांनी या दोन्ही गोष्टींचा व्यवहारी अर्थ लावला. जून संपता संपता विहिरी भरलेल्या असतात, तेव्हा डोक्यावर पानाफुलांची कोपेल घालायची, घुमटाच्या तालावर 'विवा सांजांव' म्हणत गावभर हिंडायचं आणि दिसेल त्या विहिरीत उडी घ्यायची. नव्या जावयानं सासुरवाडीच्या विहिरीत उडी घेणं अगत्याचं. विहीरवाले त्याबद्दल रागावत नाहीत. उलट फळं आणि फेणी देतात. क्रम असा, की उडी आधी आणि फेणी नंतर. हा क्रम उलटा करू नका, असं दर जूनमध्ये अधिकारी बजावतात आणि जीवरक्षक तयार ठेवतात. चर्चमध्ये बाळाच्या कपाळावर ओंजळभर पाणी ओतून बाप्तिस्मा उरकतो. राहिलेलं सगळं पाणी असं जूनमध्ये वसूल होतं.

बुडण्याचा सर्वांत नियमबद्ध प्रकार वसतिगृहात चालतो आणि तोही नियमाविरुद्ध. त्याला इंग्रजीत इमर्शन हीटर म्हणतात, मराठीत 'रॉड'. पंधरा लिटरची बादली, हिवाळ्यातलं वीस अंशांचं पाणी, दीड हजार वॅटचा रॉड. अंघोळीजोगतं पंचेचाळीस अंशांवर न्यायला सुमारे अठरा मिनिटं लागतात. हे गणित भौतिकशास्त्राच्या पुस्तकात असतं, आणि ते तोंडपाठ असलेली मुलं नेमकी साहित्य शाखेची असतात. आधी रॉड पाण्यात, मग बटण. आधी बटण बंद, मग बोट पाण्यात. यातला एक क्रम चुकला की रॉड जळतो, दुसरा चुकला की माणूस. बादली प्लॅस्टिकची असेल तर रॉड कडेला टेकवायचा नाही. खोल्या तपासायला रेक्टर आले, की बादली पलंगाखाली आणि रॉड गादीखाली. मग ते तासभर बसून मुलांच्या भवितव्यावर बोलतात.

सूक्ष्मदर्शकालाही असंच बुडावं लागतं. शंभरपट मोठं दाखवणारं भिंग काचपट्टीच्या अगदी जवळ आणायचं आणि मध्ये तेलाचा थेंब सोडायचा. काचेतून निघालेला प्रकाश हवेत शिरताना वाकडा होतो आणि हातचा जातो. तेलात होत नाही, कारण तेलाचा आणि काचेचा अपवर्तनांक जवळपास सारखा. पूर्वी यासाठी देवदाराचं तेल वापरत. क्षयाचे जंतू शोधणारा तंत्रज्ञ दिवसभर अशा थेंबात डोळा बुडवून बसलेला असतो. तेल पुसायला विसरलेला विद्यार्थी मात्र पुढच्या तासाला सगळ्यांनाच धुक्यातले जंतू दाखवतो.

उरली भाषा. हल्ली बुडण्याची मोठी जाहिरात तिथेच होते.

कॅनडात मॉन्ट्रियलजवळ सेंट लँबर्ट नावाचं उपनगर आहे. तिथल्या इंग्रजीभाषक आईबापांना काळजी लागली, की आजूबाजूला सगळा फ्रेंच कारभार आणि आपल्या मुलांना शाळेत वर्षानुवर्षं फ्रेंच शिकूनही पाव मागता येत नाही. त्यांनी १९६५ मध्ये एक बालवर्ग सुरू करायला लावला, ज्यात बाई पहिल्या दिवसापासून फक्त फ्रेंच बोलणार. मॅकगिल विद्यापीठाच्या वॉलेस लँबर्ट यांनी या मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. मुलं फ्रेंच शिकली आणि त्यांच्या इंग्रजीचंही काही बिघडलं नाही. भाषाशिक्षणातला 'इमर्शन' इथून जगभर गेला. आपल्याकडे खेड्यात पोहायला याच पद्धतीनं शिकवतात. पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधतात आणि काका मागून ढकलतो. फरक एवढाच, की सेंट लँबर्टच्या काकांनी आधी पाठीला डबा बांधला होता. घरची भाषा शाबूत होती, ती समाजात मानाची होती आणि बाईंना ती समजत होती. डबा न बांधता ढकललं तर त्याला भाषाशास्त्रज्ञ इमर्शन म्हणत नाहीत. त्यासाठी त्यांनी 'सबमर्शन' असा वेगळा शब्द काढला आहे. पहिल्या पिढीचं मूल आडगावच्या इंग्रजी शाळेत जातं, घरी इंग्रजी कुणाला येत नाही, बाईंनाही बेताचंच येतं आणि मराठी बोललं की दंड. माहितीपुस्तिकेवर अर्थात पहिलाच शब्द छापलेला असतो.

अमेरिकेतल्या मराठी घरांत गंगा उलटी. मुलं आठवडाभर इंग्रजीत पोहतात आणि शनिवार-रविवारी दीड-दोन तास मराठी शाळेत येतात. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या पुढाकारानं अशा शाळा शहराशहरांत चालतात, अभ्यासक्रम आहे, परीक्षा आहेत, स्वयंसेवी शिक्षिका खपून शिकवतात. पण आठवड्याला दीड तास म्हणजे बुडी नव्हे. त्याला आचमन म्हणतात. तरी एखादी मुलगी त्या आचमनावर आजीशी फोनवर घडाघडा बोलते आणि मुंबईतला तिचा आतेभाऊ 'आजी, यू टेल ना' म्हणत असतो.

बुडण्याच्या बाबतीत सर्वांत अनुभवी मराठी समाज शोधायचा तर तो बेने इस्रायलींचा. त्यांचा इतिहासच बुडण्यापासून सुरू होतो. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरागत कथा. बरोबरची पुस्तकं समुद्रात गेली. किनाऱ्यावर मराठीशिवाय दुसरं काही बोललं जात नव्हतं, तेव्हा काही पिढ्यांत मराठी झाले. माहितीपुस्तिका नाही, प्रवेश शुल्क नाही. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून कोकणानं त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. गावावरून आडनावं घेतली: पेणकर, किहीमकर, नवगावकर. बायका नऊवारी नेसल्या, नारळाच्या दुधात स्वयंपाक केला, मलिद्याचं ताट एलियाहू हन्नबीच्या नावानं ठेवलं. एवढी पूर्ण डुबकी सेंट लँबर्टच्या कुणी मारलेली नाही.

१९४८ नंतर ते इस्रायलला जाऊ लागले आणि दुसऱ्यांदा पाण्यात पडले. तिथे नवागतांसाठी 'उल्पान' असतात, हिब्रू शिकवणाऱ्या शाळा. पहिली जेरुसलेममध्ये १९४९ साली निघाली. तत्त्व तेच: बाई पहिल्या दिवसापासून हिब्रूच बोलणार, कारण वर्गात पोलिश, मोरोक्कन, इराकी आणि अलिबागकर बसलेले, त्यांना दुसरी सामायिक भाषाच नाही. बेने इस्रायली हिब्रू शिकले, लोद, अश्दोद, दिमोनात घरं थाटली आणि सरळ बुडून जाण्याऐवजी त्यांनी तिथे 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं. १ मे ला महाराष्ट्र दिनाचे कार्यक्रम केले. कोकणी पोहे तिथेही नैवेद्याला लागतात.

आडनावंही पुष्कळांनी तशीच ठेवली. फक्त हिब्रूत रोजच्या लिखाणात बहुतेक स्वर लिहीत नाहीत, व्यंजनं तेवढी राहतात. त्यामुळे दारावरच्या पाटीतला पेणकर हा पेणचा, पानवाला की आणखी कुठला, हे पोस्टमनला शेजारच्या किहीमकरांकडे चौकशी करून ठरवावं लागत असेल. आणि किहीमकरांच्या पाटीचं काय वाचायचं ते पेणकरांना विचारून.